विश्लेषण : सीमारेषेचा दोर किती आत असावा?

क्षेत्ररक्षक जाहिरात फलकांवर आदळू नये, म्हणून सीमारेषेचा दोर मैदानाच्या कडेपासून आत घेतला जातो. मात्र दोर आत आला की षटकार सोपा होतो आणि फटका बसतो तो गोलंदाजाला.

नियम काय?

‘आयसीसी’च्या नियमांनुसार पुरुषांच्या सामन्यांत सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान ६५ आणि कमाल ९० यार्डांवर असावी. दोर आणि फलकांत किमान ३ यार्ड (२.७४ मीटर) मोकळी जागा हवी.

वाद का होतो?

२०२४ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल टिपला, तेव्हा दोरामागच्या गवतावरील फिकट पट्ट्याची चर्चा झाली. मुळात खेळपट्टी बदलली की दोरही सामन्यापूर्वी नव्याने आखावा लागतो. सामन्यादरम्यान धक्क्याने दोर हलला, तर मूळ जागाच सीमा मानली जाते.

तोडगा काय?

वेगाने घसरत येणाऱ्या खेळाडूला ३ यार्ड अपुरे ठरू शकतात. त्यामुळे जादा जागा सोडण्यास हरकत नाही. पण मैदान मोठे असूनही दोर बराच आत असेल, तर त्याला सुरक्षेचे नाव देता येणार नाही. प्रत्येक बाजूचे अंतर आणि ते ठरवण्यामागचे कारण नाणेफेकीपूर्वी जाहीर झाल्यास दोन्ही हेतू साधतील.