लागेल कधीतरी!

होस्टेलमधला सगळ्यात महागडा शब्द कोणता? 'लागेल'! "टाकू नको रे, लागेल कधीतरी," या एका वाक्याच्या जोरावर प्रत्येक रूममध्ये पलंगाखाली एकेक गोडाऊन उभं आहे. कडी तुटलेली बादली, तीन चार्जर (त्यातला एक कुठल्या मोबाईलचा हे कोणालाच ठाऊक नाही), मागच्या सेमच्या फायली, ऑनलाईन मागवलेल्या वस्तूंचे रिकामे खोके आणि तो मिनी ड्राफ्टर. ड्राफ्टर एफ.ई.ला ड्रॉइंगपुरता लागतो. पुढची तीन वर्षं तो कपाटामागे उभा राहून डिग्री पूर्ण करतो.

यावर उपाय म्हणून सध्या 'मिनिमलिझम'ची हवा आहे. मारी कोंडो या जपानी बाईंचं पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि जगभर लोक कपाटं उपसायला लागले. पद्धत सोपी. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि मनाला विचारायचं, हिने आनंद होतो का? नसेल होत, तर आभार मानून निरोप द्यायचा. (तिसरं मूल झाल्यावर आपलं घर पूर्वीसारखं आवरलेलं नसतं, असं बाईंनीच २०२३ मध्ये सांगून टाकलं. असो.) पण मित्रांनो, बादली हातात धरून आजवर कुणाला आनंद झालाय? बादली फक्त लागते!

आणि दुसरं म्हणजे, टाकून देणं ही पैसेवाल्याची सोय आहे. उद्या गरज पडली तर नवीन घेता येईल याची खात्री असलेला माणूसच बिनधास्त टाकतो. आपल्याच विंगमध्ये एक ट्रंक आणि घरून दिलेले मोजके पैसे घेऊन आलेली पोरं आहेत. त्यांच्याकडे वस्तू कमी आहेत, पण त्याला मिनिमलिझम म्हणायचं धाडस निदान मी तरी करणार नाही. अशा पोराने 'लागेल कधीतरी' म्हणून तुटकी बादली जपली, तर त्याचं काही चुकत नाही.

मग करायचं काय? उत्तर आपल्या सिलॅबसमध्येच आहे. फाइव्ह-एस! सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. व्हायवाच्या आदल्या रात्री आपण हे घोकतो आणि सबमिशन झालं की विसरतो. यातली पहिली पायरी सेइरी, म्हणजे लागणारं आणि न लागणारं वेगळं करणं. कारखान्यात त्यासाठी लाल टॅग वापरतात. ज्या वस्तूची इथे गरज दिसत नाही तिला टॅग लावायचा, तारीख टाकायची आणि ती ठरवलेल्या जागी नेऊन ठेवायची. ठराविक मुदतीत कुणी मागायला आलं नाही, तर तिचा निकाल लावायचा. गंमत अशी, की एका सेक्शनला नको असलेली वस्तू दुसऱ्या सेक्शनला हवी असू शकते. वस्तू निरुपयोगी नसते, चुकीच्या जागी असते.

आपल्या आई-आजीला हे जपानशिवायच माहीत होतं. जुन्या साडीची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, आणि उरलेले कपडे बोहारणीला. एका स्टीलच्या पातेल्यासाठी दारात अर्धा तास चालणारी ती घासाघीस आठवा! घरातून निघालेली वस्तू कुठे जाणार हे ठरलेलं असायचं. होस्टेलमध्ये नेमकी हीच साखळी तुटते. शेवटचा पेपर झाला की बी.ई.वाले संध्याकाळची गाडी पकडतात आणि मागे बादल्या, हँगर, टेबल लॅम्प, एप्रन, ग्रेवाल आणि खुर्मीची जाडजूड पुस्तकं तशीच पडतात. पुस्तकं रद्दीत, बाकीचं भंगारात. दोन महिन्यांनी एफ.ई.वाला बाजारात जातो आणि हेच सगळं नवंकोरं विकत घेतो.

म्हणून रेक्टर सरांना एक विनंती. तळमजल्यावरची एक खोली परीक्षेच्या आधीच उघडून द्या, नंतर नको, कारण शेवटच्या दिवशी कुणाला वेळ नसतो. जाणाऱ्याने वस्तू तिथे ठेवावी, चिठ्ठीवर तारीख आणि काही बिघाड असेल तर तो लिहावा. येणाऱ्याने हवं ते न्यावं, सही नको, कारण नको. नाव लिहून घ्यायला लागलो, की ज्याला खरी गरज आहे तोच आधी यायचा बंद होईल. पॅटर्न बदलला म्हणून विद्यापीठाची जुनी गाईडं बाद होतात, पण ग्रेवालमधलं इंटिग्रेशन बदलत नाही, तेव्हा पुस्तकं जरूर ठेवावीत. बंद पडलेले चार्जर आणि इअरफोन वेगळ्या खोक्यात, ते ई-कचरा घेणाऱ्याकडेच जावेत. दिवाळीपर्यंत जे उरेल ते भंगारात, आणि ते पैसे मेसच्या खात्यात.

गाद्या मात्र त्या खोलीत नकोत. ढेकणांना वारसाहक्क द्यायची माझी तयारी नाही!