आधी चिखलदरा पाहा



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की वर्गात सहलीच्या गोष्टी सुरू होतात. कुणी नैनितालचे नाव घेतो, कुणी मसुरीचे, तर कुणी श्रीनगरचे. हिमालय पाहण्यासारखा आहेच. पण माझे मत विचाराल तर केळझरच्या मुलामुलींनी आधी चिखलदरा पाहावा.

चिखलदरा आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेत आहे. आपल्या गावापासून ते सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असेल. परतवाडा मागे पडले की घाट लागतो आणि सागाचे जंगल सुरू होते. गावाची उंची सुमारे १,११८ मीटर आहे. हजार मीटर वर गेल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे तुम्ही भूगोलात वाचता. घाट चढताना ते अंगाला कळते. तिथे कॉफीची झाडेही दिसतात.

कुणी म्हणेल, हिमालयापुढे सातपुडा काय! उंचीने तो लहान आहे, हे खरे. पण शिकायला तिथे पुष्कळ आहे. जवळच गाविलगड किल्ला आहे. बहमनी सुलतान अहमदशहाने तो १४२५ च्या सुमारास बांधला. किल्ल्यात मोठी मशीद आहे आणि फारसी शिलालेख आहेत. त्यांची अक्षरे उर्दू वाचणाऱ्या तुम्हांला ओळखीची वाटतील. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. याच वेलस्लीने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवले. इतिहासाचे हे पान आपल्या इतके जवळ आहे!

या डोंगरांत कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, ती संथाळी आणि मुंडारी भाषांच्या कुळातली आहे. कोरकू मूल घरी एक भाषा बोलते आणि शाळेत मराठी शिकते. तुमचेही तसेच आहे ना? मग त्याच्याशी मराठीत दोन शब्द बोला आणि त्याच्या भाषेतले दोन शब्द शिकून या.

आणखी एक कारण सांगतो. हिमालयाच्या सहलीला वर्गातली चार-पाच मुलेच जाऊ शकतात. बाकीची पैशांअभावी मागे राहतात. मुलींना तर इतक्या लांब पाठवायला घरचे सहसा तयार होत नाहीत. निम्मा वर्ग घरी राहिला, तर ती शाळेची सहल कशी म्हणावी? चिखलदऱ्याला सगळा वर्ग जाऊ शकतो. शिक्षिका सोबत असतील तर मुलींनाही पाठवावे, अशी माझी पालकांना विनंती आहे.

मात्र डोंगरावर कसे वागायचे, तेही शिकले पाहिजे. नैनितालला १८ सप्टेंबर १८८० रोजी मुसळधार पावसानंतर कडा कोसळला आणि १५१ माणसे दगावली. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात शेकडो घरांना तडे गेले आणि लोकांना राहती घरे सोडावी लागली. ते गाव जुन्या दरडीच्या मातीवर वसलेले आहे. डोंगर किती भार सोसेल, याला मर्यादा असते. इमारती आणि गाड्या वाढवताना ती विसरून चालत नाही.

चिखलदऱ्याभोवती १९७४ पासून मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. ते वाघांचे आणि गव्यांचे घर आहे. दुसऱ्याच्या घरी आपण ओरडत नाही, कचरा टाकत नाही. म्हणून सोबत नेलेली प्रत्येक पिशवी आणि बाटली परत आणा. दरीच्या काठावर मस्ती करू नका. जंगलात गाणी वाजवू नका, थोडा वेळ गप्प बसून ऐका.

पुढे मोठे झाल्यावर हिमालयात जरूर जा. सातपुड्यात ही सवय लागलेली असेल, तर तिथल्या लोकांनाही तुमच्या येण्याचा आनंद होईल.