भिंतीच्या आत, भिंतीच्या बाहेर

व्यवसायातला निरोप म्हटला की साहेबांचे परिपत्रक आणि गिऱ्हाइकाचे पत्र, एवढेच आपल्याला आठवते. मला मात्र सोलापूर रस्त्यावरचे लोणी काळभोर आठवते. मुंबईहून जमिनीखालच्या नळातून इंधन येथल्या साठ्यांत येते आणि टँकर भरून पुढे जाते. भिंतीच्या आत तेल, बाहेर नांदते गाव!

आत कुठे गळती झालीच, तर कुणी कुणाला सांगायचे, भोंगा कुणी वाजवायचा, याची योजना लेखी हवी आणि दर सहा महिन्यांनी तिची तालीम हवी, असे घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम सांगतात. भिंतीबाहेरची योजना जिल्हा प्रशासनाची. तिची तालीम वर्षातून एकदा. शिवाय धोका कोणता आणि त्या वेळी काय करावे, हे शेजाऱ्यांना आधीच कळले पाहिजे.

हे शहाणपण फार महाग पडले. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला, तेव्हा वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. का, तर लोक घाबरू नयेत! हजारो माणसे प्राणाला मुकली.

भोंगा हा नुसता आवाज. ऐकणाऱ्याला अर्थ ठाऊक असेल, तरच तो निरोप. तेव्हा वाचकहो, शेजारी असा साठा किंवा कारखाना असेल, तर या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर एक प्रश्नही पाठवा : तुमचा भोंगा वाजला, तर आम्ही दारे लावून घ्यायची, की घर सोडायचे?