पहारेकरी ओळखीचा असावा

निवासी शाळेत संगणककक्ष उघडला की दोन इच्छा एकाच वेळी मनात येतात. मुलांना जगाचे ज्ञान मिळावे, आणि त्याच वाटेने नको ते आत येऊ नये. यासाठी जाळ्याच्या दाराशी जो पहारेकरी बसवतात, त्यास फायरवॉल म्हणतात. बहुतेक संस्था तो तयार पेटीच्या रूपाने विकत घेतात आणि निश्चिंत होतात. पुढे एखादी मुलगी विचारते, ‘सर, हे संकेतस्थळ का उघडत नाही?’ तेव्हा शाळेत कोणाजवळच उत्तर नसते. मुलांनी काय वाचावे हे मग शाळा ठरवत नाही. ती पेटी ठरवते. म्हणून माझे मत असे, की वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी निदान एकदा तरी हा पहारेकरी सोर्स कोडपासून स्वतः घडवावा.

आपल्या उपनगरांना ही वाट परकी नाही. १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या आरंभीच्या संस्थांत जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी होती. त्याच पवईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आज लिनक्सचे धडे मराठीतून विनामूल्य देतो. तेव्हा भाषेची सबब उरत नाही.

साहित्यही खुले आहे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २००१ सालच्या २.४ आवृत्तीपासून ‘नेटफिल्टर’ ही गाळणी आहे. तिचे नियम लिहिण्यासाठी पूर्वी ‘आयपीटेबल्स’ वापरीत. २०१४ पासून ‘एनएफटेबल्स’ही उपलब्ध झाले. हा सारा कोड कोणीही वाचावा, बदलावा आणि कंपाइल करावा, अशी परवान्यातच मुभा आहे.

काम मात्र शिस्तीचे आहे. उतरवून घेतलेल्या कोडची स्वाक्षरी आधी पडताळावी लागते. मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधले त्याच्याशी जुळले नाही, तर ते बसतच नाही. बसले आणि त्यात दोष असला, तर सारे यंत्र कोलमडू शकते. म्हणून पहिला प्रयोग सुट्या संगणकावरच करावा. नियमांचा क्रमही महत्त्वाचा. ‘सर्व अडवा’ हा नियम सर्वांत वर लिहिला, तर दुरून काम करणारा व्यवस्थापक स्वतःच बाहेर राहतो. ही चूक मुलांनी एकदा करावी. ती जन्मभर लक्षात राहील.

‘रोजच्या वापराला तयार पॅकेज बरे, सुरक्षेच्या सुधारणा त्यात आपोआप येतात,’ असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. स्वहस्ते बांधलेले ते अधिक सुरक्षित असेलच असे नाही. त्याची निगा आपल्यालाच राखावी लागते. रोज खुशाल तयार पॅकेज वापरावे. परंतु ज्याने एकदा ते उकलून पुन्हा बांधले आहे, तो तयार वस्तूलाही प्रश्न विचारू शकतो.

आणखी एक सुचवावेसे वाटते. आपल्या फायरवॉलचे नियम सोप्या मराठीत लिहून संगणककक्षाच्या भिंतीवर लावावेत: काय बंद आहे, का बंद आहे आणि ते कोणी ठरवले. मुलांवर बंधन घालावेच लागते. पण ज्याचे कारण सांगता येते, तेच बंधन मुले मनापासून पाळतात.