मांडव कुठेही घाला, लग्न इथे लावा

संगमनेर, कोपरगाव, राहाता या साखरपट्ट्यात परदेशातल्या स्थळाचे आता कुणाला नवल उरलेले नाही. आता त्यापुढची पायरी आली आहे. मुलाला रजा नाही, तेव्हा लग्नच तिकडे करायचे. तिकिटे, शालू, दागिने, पाहुण्यांची यादी यांची आखणी महिनोन् महिने चालते. हे लग्न कोणत्या देशाच्या, कोणत्या कायद्याखाली लागणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मुलीने विचारलेच, तर ‘शुभकार्यात अभद्र बोलू नकोस’ म्हणून तिला गप्प केले जाते.

मैत्रिणींनो, हा प्रश्न अभद्र नाही. तो मुलीच्या हक्काचा आहे.

परदेशात होणाऱ्या लग्नांसाठी आपल्याकडे 1969 सालचा परदेशी विवाह कायदा आहे. वधूवरांपैकी एक जण तरी भारतीय नागरिक असेल, तर आपल्या वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न लावता येते. नोटिशीपूर्वी दोघांपैकी एकाने तिथे 30 दिवस राहिलेले असावे लागते. काही जण तिथल्या स्थानिक कायद्यानेच लग्न करतात. अशी लग्ने वैध ठरतात, पण खरी अडचण संसार मोडल्यावर कळते. या कायद्याच्या 18व्या कलमानुसार इथल्या न्यायालयात घटस्फोट मिळवायचा, तर दोघांचाही अधिवास भारतात असावा लागतो. नाहीतर लग्नापूर्वी इथलीच असलेली पत्नी अर्जाच्या लगत आधीची किमान तीन वर्षे भारतात राहिलेली असावी लागते. म्हणजे नवरा तिकडे कायमचा स्थायिक झालेला, मुलगी टाकून दिलेली, माहेरी परतलेली, आणि अर्ज करण्यासाठी तिने तीन वर्षे वाट पाहायची!

हेच लग्न इथे 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लागले असेल, तर 2003 सालच्या दुरुस्तीमुळे पत्नी राहते त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात तिला दाद मागता येते. शिवाय 1991 साली नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिले आहे की, परदेशी न्यायालयाचा घटस्फोट साधारणपणे तेव्हाच मान्य होईल, जेव्हा तो लग्न ज्या कायद्याने झाले त्यातल्याच कारणावर दिलेला असेल आणि पत्नीला बाजू मांडण्याची खरी संधी मिळालेली असेल. म्हणून लग्न कोणत्या कायद्याने लागले, याला एवढे महत्त्व.

काही कुटुंबे व्हिसासाठी घाईने हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी उरकतात आणि विधी नंतर तिकडे करू म्हणतात. हेही धोक्याचे. आवश्यक विधी झालेलेच नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट केले. विशेष विवाह कायद्यात मात्र विवाह अधिकाऱ्यापुढे, तीन साक्षीदारांच्या समक्ष होते तेच लग्न. ‘मग वारसा हक्काचे काय?’ असे वडीलधारी विचारतात. दोघेही हिंदू असतील तर 1976 च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायदाच लागू राहतो.

तीस दिवसांच्या नोटिशीची अडचण सांगितली जाते. घरच्यांचा विरोध पत्करून आंतरजातीय लग्न करणाऱ्यांना ही नोटीस खरोखरच जाचक ठरते, आणि तिच्याविरुद्ध आपण बोललेच पाहिजे. पण घरच्यांनी ठरवलेल्या परदेशातल्या स्थळाच्या बाबतीत हे 30 दिवस मुलीच्या कामाचे आहेत. मुलाची नोकरी, व्हिसा, तिकडे आधीचे लग्न आहे की काय, याची चौकशी तेवढ्यात करता येते.

कागद असला म्हणून नवरा टाकणार नाही, असे मी म्हणत नाही. पण कागद नसेल तर लढायला पाय रोवायचे कुठे? सरकारची वाट पाहण्यात तर अर्थच नाही. परदेशस्थ नवऱ्यांनी फसवलेल्या स्त्रियांसाठी कायदा करण्याचा विचार व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली नीरजा सराफ खटल्यात सुचवले. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत आले 2019 साली. आणि 2024 मध्ये विधी आयोगाला आपल्या 287व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस पुन्हा करावी लागली.

आपल्याच जिल्ह्यात, संगमनेरला, निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. टाकलेली बाई ही घराची लाज नसून समाजाचा प्रश्न आहे, हे त्या चळवळीने शिकवले. विमानाने परतणारी परित्यक्ता सुशिक्षित असते, चांगल्या घरातली असते, म्हणून ती आपल्या बैठकीला येत नाही. तिच्यापर्यंत आपणच, आणि लग्नाआधी, पोचले पाहिजे. गावोगावच्या बैठकांत, महाविद्यालयांत एवढे तरी सांगू या: मांडव कुठेही घाला, पण आधी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न लावा, आणि दाखल्याची एक प्रत मुलीच्या हातात, एक तिच्या माहेरी ठेवा.