सुईआधीचे वाक्य

शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात रात्री दोनच्या सुमारास वेदनाशामक कसे दिले जाते, ते आपण सगळे जाणतो. पेशंट भिंतीकडे तोंड करून कण्हत पडलेला असतो. कुणीतरी येते, सलाईनमध्ये ट्रामाडॉल सोडते, चार्टवर वेळ टाकते आणि पुढच्या खाटेकडे वळते. औषध शरीरात गेले. ते गेल्याचे पेशंटच्या गावीही नाही.

इटलीतल्या ट्यूरिनमध्ये फाब्रिझिओ बेनेडेट्टी यांच्या गटाने २००१ मध्ये नेमके हेच तपासले. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना डॉक्टरांनी खाटेशी उभे राहून, सांगून औषध दिले. काहींना तेच औषध यंत्रातून, नकळत. ब्युप्रेनॉर्फिन असो, ट्रामाडॉल, किटोरोलॅक वा मेटामिझॉल. नकळत दिले तेव्हा तेवढ्याच आरामासाठी जास्त डोस लागला.

मेंदूत काय घडते, हे दहा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये दिसले. उल्रिके बिंगेल, आयरीन ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी २२ निरोगी स्वयंसेवकांना एमआरआयमध्ये उष्णतेचे चटके दिले. शंभरपैकी सुमारे ६६ असलेली वेदना रेमीफेंटॅनिल न सांगता सुरू केल्यावर ५५ वर आली. ‘आता औषध सुरू करतोय’ म्हटल्यावर ३९ वर. मग सांगितले, ‘औषध थांबवलंय, दुखणं वाढू शकेल.’ आकडा ६४ वर गेला. प्रत्यक्षात औषध त्याच मात्रेने चालूच होते! पहिल्या वाक्याने मेंदूची स्वतःची वेदनाशामक यंत्रणा कामाला लागलेली दिसली, दुसऱ्याने हिप्पोकॅम्पस.

वेदनाशामक मेंदूतले एखादे बटण बंद करते, ही आपली शिकवण आता अपुरी ठरते. १९९५ मध्ये भरत बिस्वाल यांनी दाखवले की माणूस स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूतले दूरदूरचे भाग एका लयीत वरखाली होतात. या जोडणीवर औषधांचा परिणाम होतो. फायब्रोमायल्जियात प्रीगॅबालिनने वेदना कमी झाली, तेव्हा इन्सुला आणि विश्रांतीत जागे असणारे जाळे यांच्यातली अतिरिक्त जवळीकही कमी झाली. गांजातल्या टीएचसीने वेदनेच्या तीव्रतेपेक्षा तिचा जाच कमी केला. ज्यांना आराम पडला त्यांच्यात अमिग्डला आणि संवेदनेचा भाग यांच्यातली जोडणी सैलावली होती. मॉर्फिनवरचे पेशंट आपल्याला सांगतात, ‘दुखतंय डॉक्टर, पण आता त्याचं काही वाटत नाही.’ ते वाक्य मी आता पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतो.

मात्र एक सावधगिरी हवी, आणि भूलतज्ज्ञांइतकी ती कुणाला पटणार नाही. एमआरआय रक्तातला प्राणवायू पाहतो, पेशींचे काम थेट पाहत नाही. ओपिऑइडने श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि जोडणी न बदलताही चित्र बदलते. श्वासाचा हिशेब न ठेवलेल्या अभ्यासावर मी विसंबणार नाही. समोरच्या पेशंटला खरेच दुखते आहे का, हे ठरवायला तर स्कॅन मुळीच वापरू नये. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटानेही २०१७ मध्ये तसेच बजावले आहे.

पण आपल्या जिभेवरचे वाक्य सुधारायला स्कॅन लागत नाही. एपिड्युरल काढताना ‘आता दुखेल हं’ असे आपण सहज बोलून जातो. त्याऐवजी गोळी वेळेवर दिल्याची खात्री करावी आणि खरे तेच सांगावे: ‘नळी काढतोय, गोळी सुरू केली आहे, दुखलं तर लगेच हाक मारा.’ यात खोटा दिलासा नाही, आणि वेळही अर्ध्या मिनिटाचाच.

या महिन्यात रात्रपाळीच्या सिस्टर आणि निवासी डॉक्टरांसोबत एकदा बसा आणि एवढे ठरवून टाका: जाग्या पेशंटला वेदनाशामक न सांगता द्यायचे नाही.