आजीची जपमाळ व नातवाची शाळा

गेल्या पावसाळ्यांत वसईस एका कॅथॉलिक आप्ताच्या घरीं आमचा मुक्काम होता. दिवेलागणीस आजीबाईंनीं जपमाळ हातीं घेऊन प्रार्थना सुरू केली. नऊ-दहा वर्षांचा नातू मात्र भिंतीकडे पाहत बसला. “त्याला मराठी प्रार्थना येत नाहींत, शाळेंत सगळें इंग्रजींतून असतें ना!” असें त्याच्या आईनें आम्हांस सांगितलें. या सांगण्यांत खेद असता तर लेखणी उचलण्याचें कारण पडलें नसतें. त्यांत अभिमान होता, म्हणून लिहावें लागत आहे.

आमची सारी हयात इंग्रजी शिकण्यांत व शिकविण्यांत गेली. तेव्हां त्या भाषेचा आम्हांस द्वेष आहे, असें कोणी म्हणूं नये. मुलांनीं इंग्रजी शाळेंत जावें, पोटापाण्याची विद्या मिळवावी. याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु शाळेची भाषा घरांत शिरून आजीला मुकी करते, तेव्हां धर्मशिक्षणाचा पायाच खचतो.

यावर कोणी म्हणेल, “श्रद्धेला भाषा कसली? आमचे पणजोबा लॅटिन मिस्सा ऐकत. त्यांतलें अक्षर त्यांस कळत नसे. म्हणून त्यांची श्रद्धा काय उणी होती?” उणी नव्हती खरी; पण कां नव्हती, याचा विचार या आक्षेपकांनीं केलेला दिसत नाहीं. वेदीवर लॅटिन असली तरी चुलीपाशीं मायबोली होती. धर्मगुरूंच्या तोंडून जें उमगलें नाहीं, तें आईच्या तोंडून उमगत असे. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषांना वाव दिला आणि मिस्सा मराठींतून होऊं लागली. दैवाचा खेळ असा कीं, चर्चमध्यें मराठी आली आणि आमच्या घरांतून ती निघाली!

फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं ते गोव्यास आले, मराठी शिकले, आणि येथील माणसांस ख्रिस्तकथा कळावी म्हणून सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनीं रचलें. तें १६१६ सालीं छापून निघालें. इंग्रजानें आमच्यासाठीं मराठी पत्करली, आणि आम्ही मुलें साहेबासारखीं दिसावींत म्हणून ती टाकतों, याला काय म्हणावें?

त्याच परिषदेनें १९६५ सालीं शिक्षणाविषयींच्या जाहीरनाम्यांत आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचें बजावलें आहे. आम्हीं तें काम फीबरोबर शाळेच्या स्वाधीन केलें. परिणाम असा कीं, धर्म हा परीक्षेचा एक विषय झाला. परीक्षा संपली कीं पुस्तकाबरोबर तोही फळीवर जातो.

शाळा बदला, असें आम्ही म्हणत नाहीं. रोज संध्याकाळीं एक घटका घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें. बापानेंही वर्तमानपत्र व फोन बाजूस ठेवावा. आजी म्हणेल तें मुलानें म्हणावें, अडेल तेथें तिला विचारावें. इंग्रजी शाळा त्याला उद्यां पगार मिळवून देईल. परंतु संकटाच्या रात्रीं त्याच्या ओठीं कोणते शब्द येतील, हें घरच ठरवितें.

त्या आजीबाई आतां ऐंशीच्या पुढें आहेत. त्यांच्यापाशीं शिकावयाचें असेल तर फार दिवस हातीं नाहींत.